आरतीआधी दोन मिनिटं

(एडिसन, न्यू जर्सी. गणपतीसाठी भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या हॉलबाहेरचा कॉरिडॉर.)

वसुधा: दोनच मिनिटं, नरेंद्र. आरतीच्या आधी माइक घेते, मोमोलूसाठी कोर्टात या एवढं सांगते, खाली उतरते.

नरेंद्र: स्टेजवर राजकारण नको, हा नियम तू प्रेसिडेंट असताना तूच केलास. आता मी मोडू?

वसुधा: मोमोलू म्हणजे राजकारण नव्हे. लहानपणापासून दर गणपतीत आपल्या दारात उभा राहून चपला लावतो तो.

नरेंद्र: वल्लरी, तू त्याच्या वकिलाकडे काम करतेस म्हणून विचारतो. त्यानं पोलिसाला मारलं म्हणे?

वल्लरी: नो, काका! ट्रेन स्टेशनवर पोलिसानं विचारलं, "व्हॉट्स युअर नेम?" हा म्हणाला, "व्हॉट्स युअर नेम?" ऑटिस्टिक आहे तो. घाबरला की ऐकलेलंच बोलतो. पोलिसाला वाटलं, चेष्टा करतोय. हात पिरगाळला, यानं सोडवून घेतला. दॅट्स द होल क्राइम.

वसुधा: सहा फुटी काळा मुलगा. ते सांगायचं राहिलं.

वल्लरी: सोमवारी इमिग्रेशन कोर्टात हिअरिंग आहे. हरलो तर लायबेरियाच्या विमानात बसवतील. चार वर्षांचा असताना आलाय इकडे. तिथे त्याचं कोणीच नाहीये.

नरेंद्र: मला कळत नाही का? पण आत बघ. निम्मी पोरं एच-वन व्हिसावर. माझा शंतनू ग्रीन कार्डसाठी ताटकळतोय. कोर्टात कुणी फोटो काढले, यांची नावं कुठे गेली, तर त्यांच्या आईबापांना काय तोंड दाखवू?

वसुधा: ज्यांना भीती आहे त्यांनी घरी बसावं. सिटिझन झालेले तुझ्या-माझ्यासारखे म्हातारे काय कमी आहेत? जजला त्याला ओळखणारी माणसं दिसायला हवीत.

नरेंद्र: ओळखणारी! इतक्या वर्षांत माझ्याशी एक शब्द बोलला नाही तो. काय सांगू मी कोर्टात?

वसुधा: वल्लरी, ऐकव त्याला.

वल्लरी: काकू, आर यू शुअर?

वसुधा: ऐकव. मार्था, त्याची आई, माझ्या क्लिनिकमध्ये नर्स होती, आठवतेय ना? डिटेन्शन सेंटरमधून काल त्यानं तिला फोन केला. ती ड्यूटीवर होती. हा तिच्या फोनवर आलेला त्याचा व्हॉइसमेल. भाषा कळेना म्हणून माझ्याकडे आली बिचारी.

फोनमधला आवाज: (खाकरून) भक्तहो, चपला कृपया रांगेत ठेवा. लहान मुलांचे हात धरा. प्रसाद घेतल्याशिवाय कोणीही घरी जाऊ नये. कोणीही घरी जाऊ नये. कोणीही घरी जाऊ नये. कोणीही—

नरेंद्र: हा... हा मी आहे. दरवर्षी माइकवर मीच म्हणतो हे.

वसुधा: तो आहे.

नरेंद्र: अगं, "भक्तहो"च्या आधीचं माझं खाकरणंसुद्धा...

वल्लरी: तिथल्या एकानं मार्था आंटीला सांगितलं, रात्री दिवे बंद झाले की सुरू होतो. थांबतच नाही. त्यांना वाटतं, प्रार्थना करतोय.

नरेंद्र: बंद कर गं ते. भीती वाटते.

वल्लरी: काका, बंदच आहे. मघाशीच संपलं.

नरेंद्र: मला अजून ऐकू येतंय.

वसुधा: बस जरा. पाणी आणू?

नरेंद्र: नको. कुणालाच काही कळत नसेल ना तिथे? काय म्हणतोय ते?

वसुधा: कुणाला कळणार? त्या अख्ख्या इमारतीत मराठी बोलणारा तो एकटाच असेल.

नरेंद्र: सोमवारी किती वाजता?

वल्लरी: नऊ. पण लवकर या, सिक्युरिटीला वेळ लागतो. शंतनूला काय सांगाल?

नरेंद्र: सांगेन, तू येऊ नकोस. मी जातोय.

वसुधा: मग घेऊ माइक?

नरेंद्र: तू नको. तू बोललीस तर म्हणतील, डॉक्टरीणबाईंना सगळ्यांचाच कळवळा. मीच बोलतो.

वल्लरी: काका, सगळे खोळंबलेत. चला ना.

नरेंद्र: थांब, एक मिनिट दे मला. आत्ता तोंड उघडलं तर त्याचाच आवाज येईल.