पहिल्या मापाला लाभ म्हणतात

आदरणीय अध्यक्ष मालोजीराव, मुख्याध्यापिका नम्रताताई, आज ज्यांच्या निरोपासाठी जमलो त्या संगणकाच्या रूपालीबाई, लोधिवलीपासून वरच्या वाड्यांपर्यंतचे पालक आणि बालमित्रांनो,

संगणकाविषयी या म्हाताऱ्या मराठीच्या मास्तरानं काय बोलावं? मलाही तोच प्रश्न पडलाय. पण आजची संगणकाची खोली म्हणजे माझा जुना वर्ग. तिथं आम्ही दुपारच्या दुपार चालीवर कविता म्हणायचो. कौलांतून ऊन गळायचं, आणि मुलं ताल धरायची... असो. त्या ओढीनं मी अजून मागच्या बाकावर जाऊन बसतो. बाईंनी कधी उठवलं नाही, ही त्यांची कृपा.

तिथंच पाहिलेलं सांगतो. गेल्या स्नेहसंमेलनात मुलांना मंचावर संगणकानंच नावानं बोलवायचं ठरलं. प्रोग्राम लिहिला वाडीवरच्या मंगळीनं. या वर्गात तिनंच सगळ्यांआधी नाव नोंदवलेलं, म्हणून यादीतही ती पहिली. तालीम झाली. कर्ण्यातून सगळ्यांना हाका आल्या, मंगळीला नाही! पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

वर्गातला साईराज ओरडला, "तुज्याच मशीनला तू ठाव नाय गं!" वर्ग हसला. मंगळीनं दप्तर उचललं. "बाई, मी उद्यापासनं नाय येनार. ह्ये आमचं काम नाय."

बाईंनी उपदेश केला का? छे! विचारलं, "खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला काय म्हणता गं?"

"लाभ. एक नाय म्हनत. लाभ, मंग दोन, तीन."

"मग ते माप मोजायचं राहतं?"

"असं कसं वो बाई? भात पडला ना पोत्यात!"

"तसं हे यंत्र पहिल्याला शून्य म्हणतं. तू हाका कुठून सुरू केल्यास?"

"एकपासनं..." मंगळी थबकली. दप्तर खाली आलं.

दुरुस्ती झाली, आणि कर्णा सगळ्यात आधी बोलला, "मंगळी!" काय सांगू, कवितेची हरवलेली ओळ सापडावी तसं झालं मला. पण शेवटी यंत्र अडलं; आधीही अडत होतं, मंगळीच्या नावापायी कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. मुलं संपली, तरी ते आणखी एकाला शोधत राहिलं.

"आता ह्यो कोन रं, भूत?" साईराज म्हणाला.

"गप रं!" मंगळी आता हसत होती. "लाभाफुडं दोन येतो. हितं शून्याफुडं एक. म्हंजे शेवट बी एकानं मागं घ्याया पायजे." बाई नुसत्या बाजूला सरकल्या.

बाई, आपण बदली होऊन रसायनीला निघालात. नव्या बाई येईपर्यंत शनिवारी लहानांचा संगणकाचा वर्ग कोण घेणार, अशी आपल्याला काळजी होती. नम्रताताईंनी आजच सकाळी विचारलं, आणि मंगळी "हो" म्हणाली. निर्धास्त जा.

मला बोलू दिलंत, सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. आठवणींच्या नादात काही कमी-जास्त बोललो असेन, तर आपलाच मास्तर म्हणून पोटात घालावं. नमस्कार.