नऊ नंबर वाळेपर्यंत

लागलं ना? तरी ओरडत होते, डोकं सांभाळा, डोकं सांभाळा — चौकट बुटकी आहे हो ही. बसा त्या स्टुलावर, आणि चोळू नका, टेंगूळ येईल. काय म्हणालात, नऊ नंबरची जर्सी? मुलींच्या बास्केटबॉलची? ऑफिसातल्या बाईंनी पिटाळलं ना तुम्हाला? वाटलंच. ती बाई समोर दिसेल त्याला कामाला जुंपते. खेळाच्या खात्यात नवीन दिसताय — असू दे, असू दे. जर्सी तयार आहे. म्हणजे आहेच तयार. फक्त दहा मिनिटं थांबा, फायनलला अजून अर्धा तास आहे.

बरं, खरं सांगते — ओली आहे. सकाळी नळाला पाणीच नव्हतं, मी तरी काय करणार? आता इस्त्री फिरवून वाळवतेय. पण हे तिला कळता कामा नये हं, आमच्या शिडीला. शिडी म्हणजे नऊ नंबर — उंची बघाल तर कळेल, हॉस्टेलच्या पलंगातून वीतभर पाय बाहेर. तिचा नियम आहे, जिंकत असताना जर्सी धुवायची नाही. धुतली की विजय वाहून जातो म्हणे. नुसती तिथे खिळ्याला अडकवून जाते, वर मला दम — मावशी, हात लावायचा नाही. आता तुम्हीच सांगा, एकोणीस वर्षं या कॉलेजचे कपडे धुतेय मी, माझ्यासमोर घामानं कडक झालेली जर्सी लटकतेय आणि मी बघत बसू? धुते. दर मॅचनंतर गुपचूप धुते, वाळवते, मग चुरगळते, थोडी फरशीवर लोळवते — आणि वासासाठी हॉकीच्या गोलकीपरच्या मोज्यांत गुंडाळून ठेवते. हसताय काय? तीन वर्षं झाली, नाकाला पत्ता नाही तिच्या.

आणि मॅच मी कधी बघत नाही, मला गरज नाही, जर्सीवरून सगळं कळतं. पहिल्या वर्षी तिची जर्सी यायची कोरी करकरीत. वर्षभर बाकावर बसवलं हो पोरीला. मला इतकं वाईट वाटायचं, की धुवायला काही नसलं तरी दोनदा खळबळून काढायची. मग वर्षातली शेवटची मॅच, दोघींचे पाय मुरगळले, हिला उतरवली अकरा मिनिटांसाठी — चौदा पॉइंट! जर्सी आली ती चिंब. मी ती हातात घेऊन नाचले, खोटं नाही सांगत, या दोन मशीनच्या मधे. दुसऱ्या वर्षी गळा फाटून यायला लागला, म्हणजे ओळखा, समोरच्या पोरी धरून ठेवायला लागल्या. तिसऱ्या वर्षी खांद्यावर रक्त — कोपर लागलं होतं कुणाचं, दोन टाके पडले, तरी उतरली नाही. आणि यंदा कप्तान. शेहेचाळीस मॅचमधे हरली किती? एक. फक्त एक. ती कधी, सांगू? माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा. आठ दिवस मी नाही, जर्सी तशीच खिळ्याला — हरली, एका पॉइंटनं. आता बोला. म्हणून म्हणते, आज ही आधी धुतलेली हवी आणि मग वाळलेली हवी. कॉलेजातली शेवटची मॅच आहे तिची.

घ्या, ही कड धरा जरा ताणून. अशी. चांगली धरता की.

जिंकण्याचं टेन्शन नाही हो मला. मला त्या खुर्चीचं वाटतं. तिसऱ्या रांगेत, कडेला — दर मॅचला शिडी तिथे आपली निळी बॅग ठेवते, टीममधल्या पोरी सांगतात मला. कुणी बसायला आलं की सांगते, माणूस येतंय. चार वर्षं माणूस येतंय! कोण, तर बाप. चेंडूमागं धावून काय होणार म्हणाला, आणि जे तोंड फिरवलं ते फिरवलं. दर रविवारी ती इथूनच फोन करते घरी, त्या मशीनच्या मागे बसून. आईला सगळं सांगते, पॉइंट किती, कप कसा. मग विचारते, बाबा आहेत का जवळ? आणि मग नुसती मशीनची घरघर. डोळे पुसते ती माझ्याच टॉवेलला, वर म्हणते, साबणाची वाफ गेली. असा कसा हो बाप? एकदा माझ्या तावडीत सापडू दे, चादरीसारखा पिळून काढीन. पोरगी मैदानभर टाळ्या घेते आणि एका खुर्चीकडे बघत बसते, आणि हा —

अहो, कड सुटली. काय झालं? पाणी देऊ?

थांबा. इकडे बघा जरा.

एकोणीस वर्षांत त्या चौकटीला एकाच माणसाचं डोकं आपटलंय — आमच्या शिडीचं. आज दुसरं.



मघाशी जे बोलले, त्यातलं काही मी परत घेणार नाही. सांगून ठेवते. एवढ्या लांबून आलात, आणि ऑफिसात त्या बाईला साधं सांगताही आलं नाही, मी कोण ते? रडू नका, माझी इस्त्री थांबलीय.

घ्या ही जर्सी, राहू द्या तुमच्याच हातात. ओली तर ओली, अंगावर वाळेल. धुतल्याचं तेवढं बोलू नका, बाकी काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा. जर्सी तिच्या हातात द्यायची, ऑफिसात नाही. मग तिसरी रांग, कडेची खुर्ची. कुणाला विचारत बसू नका. निळी बॅग उचला, मांडीवर घ्या आणि बसा.

निघा आता. आणि वाकून जा.