एकोणिसावा फर्मा

(डोळ्यांच्या दवाखान्यातली खोली. बाबांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मुलीच्या हातात जुनं, जाड पुस्तक.)

मुलगी : "...आणि मठाधिपतींनी पुन्हा दिवा पुसायला घेतला." बाबा, हे कालपासून दिवाच पुसताहेत. तिकडे साधूचं प्रेत अजून जिन्यातच!

बाबा : असू दे. त्याला कुठं जायची घाई आहे?

मुलगी : आईनं ही गोगलगाय वाचली तरी कशी?

बाबा : चवीनं वाचली. निम्म्यातच म्हणाली, "खुनी कळला मला." आणि तोच निघाला. तसं डोकं पाहिजे! वाच पुढं.

मुलगी : "धुक्यात घंटा वाजली आणि..." हे काय? "कबुली देऊन स्वयंपाकी मठाच्या पायऱ्या उतरला." इतक्यात?

बाबा : दोन पानं एकदम उलटली असशील.

मुलगी : नाही हो. एकशे चव्वेचाळीसनंतर थेट दोनशे एकोणनव्वद.

बाबा : शक्यच नाही. मी बांधलंय ते. लग्नानंतरची तिला पहिली भेट. रद्दीतून सुटे फर्मे आणले, सोळा-सोळा पानांचे एकोणीस, आणि स्वतः शिवले. चाळीस वर्षं बाइंडिंग केलं, एक फर्मा इकडचा तिकडे गेला नाही. कुणालाही विचार.

मुलगी : एकोणिसावा दहाव्याच्या जागी गेलाय.

बाबा : छापणाऱ्याचा घोळ असेल.

मुलगी : आकडे त्यानं बरोबर टाकलेत. आणि इथं कडेला पेन्सिलीनं लिहिलंय. आईचं अक्षर.

बाबा : काय लिहिलंय?

मुलगी : राहू दे.

बाबा : डोळे बांधलेत माझे, कान नाहीत. वाच.

मुलगी : "शेवट इथंच आला. यांना सांगायचं नाही. किती हौसेनं शिवलंय."

(बाबांचा हात पट्टीकडे जातो.)

मुलगी : बाबा, पट्टी ओली करू नका. डॉक्टर ओरडतील.

बाबा : आणि मी जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलो, आमच्या हिनं निम्म्यातच खुनी ओळखला म्हणून! ही आपली गालातल्या गालात हसायची. मला वाटायचं, लाजतेय.

मुलगी : वाईट वाटलं?

बाबा : वाटलं. हात चुकला त्याचं नाही एवढं. एवढ्या मोठ्या विनोदावर ती एकटीच हसत राहिली, त्याचं.

मुलगी : उद्या पट्टी सुटली की उसवून नीट शिवा.

बाबा : हात लावायचा नाही त्याला.

मुलगी : बरं. मग आता हा फर्मा सोडून पुढचं वाचू?

बाबा : नको. तिनं वाचलं तसंच वाच.