पालथा हात

शके अठराशे सत्त्याण्णव, माघ शुद्ध दशमी, मंगळवार, दुपारचे चार. स्थळ मौजे कातळवेढे येथील सिद्धनाथाच्या देवळाचा सभामंडप. मंडळी, वेळ आणि स्थळ स्पष्ट सांगितले, कारण आज वाद घालायचा आहे; आणि वाद कुठे, केव्हा घातला हे ठाऊक नसले की पुढे प्रत्येक जण आपणच जिंकलो म्हणतो!

प्रश्न असा. मोडलेले सांधणे हे पुण्य — याबद्दल दुमत नाही. पण जे सांधले गेले आणि चुकीचे सांधले गेले, ते पुन्हा मोडणे — हे पुण्य की पाप?

पूर्वपक्ष म्हणतो, ‘जुळले ना? मग झाले! कशाला पुन्हा हात घालता?’ पूर्वपक्ष नेहमी असा समंजस असतो. म्हणूनच त्याचे म्हणणे आधी ऐकायचे असते.

आता एक करा. उजवे कोपर मांडीवर टेकवा. टेकवा, टेकवा — खांबाला टेकलेले अण्णाही टेकवा! तळहात आकाशाकडे. आता पालथा करा. कोपर हलले? नाही. मग फिरले काय? ऐका! कोपरापासून मनगटापर्यंत हाडे दोन. करंगळीकडचे जागचे हलत नाही. अंगठ्याकडचे त्याच्यावरून आडवे होते, पुन्हा माघारी येते. जन्मताना माणसाला तीनशेच्या आसपास हाडे असतात, मोठेपणी दोनशे सहा उरतात. बाकीची चोरीला जात नाहीत — एकमेकांत मिसळतात. या दोघांनी मात्र मिसळायचे नाही. शेजारी राहायचे, आणि एकाने दुसऱ्याला वळायला जागा द्यायची. एवढेच त्यांचे काम.

याच गावात साठ वर्षांपूर्वी गिरमाजी नावाचे हाडवैद्य होते. तिसरी पिढी. बांबूच्या कामट्या, अंड्याचा बलक, उडदाचे पीठ, जुने धोतर — एवढ्यावर चार गावांची हाडे उभी होती. त्यांच्या घरात एक नेम होता. मोडलेला हात बांधायचा तो पालथाच. का? आजोबा म्हणून गेले होते, ‘माझ्या ओट्यावरून कुणी मागत्याच्या हाताने उठणार नाही!’ वाक्य भिंतीवर लिहावे असे आहे. हाडाला वाचता येत नाही, एवढीच अडचण.

बहुतेकांचे निभावले. कुणाचे बोट मोडलेले, कुणाचा दंड. पण गावची सुईण ठकूबाई ओढ्याच्या पायरीवरून घसरली, आणि उजव्या हाताची ही दोन्ही हाडे एकदम गेली. गिरमाजींनी नेमाप्रमाणे हात पालथा बांधला. सहा आठवड्यांनी सोडला. काय हात! रूळ ठेवून आखावा तसा सरळ!

लोक म्हणाले, “वा!”

ठकूबाई म्हणाली, “गिरमा, वळंना.”

“वळंल, मावशी.”

“कवा?”

“हाड सांधायचं माझं काम. वळवायचं देवाचं.”

“मग त्येलाच इचारते,” म्हणाली आणि देवळात आली. इथेच! नागू गुरवापुढे हात केला — पालथा. गुरव मोठा काटेकोर. म्हणाला, “उताणा कर, ठकूबाई.”

“हुत न्हाई.”

“डाव्या हातावर तीर्थ देता येत नाही. पालथ्यावर कसं द्यायचं, ते कुठं सांगितलेलं नाही.”

बाई तीर्थाविना परतली. पाच दिवस रोज आली, रोज परतली. सहाव्या दिवशी गुरवच गिरमाजींकडे गेला. म्हणाला, “वैद्यबुवा, माझ्या बायकोला सातवा लागलाय. ठकूबाई मूल झेलणार ते कशावर?”

मंडळी, मूल येते ते तळहातावर. डोके तळहातात, मान बोटांत. हाताच्या पाठीवर मूल उतरवून घेणारी सुईण अद्याप झालेली नाही. आणि गिरमाजींची स्वतःची लेक यमुना माहेरी आलेली — सहावा महिना!

ठकूबाई ओट्यावर येऊन बसली. “मोड परत.”

“मावशी, तीन पिढ्यांत ह्या ओट्यावरचं हाड पुन्हा मोडलेलं नाही.”

“तीन पिढ्यांत कुणी इचारलं न्हाई म्हन की!”

“लोक काय म्हणतील?”

“तुझ्या आयेला सोडवताना तू पायाळू आलास. तवा मी लोकांना इचारत बसले असते, तर आज तू हितं नसतास.” मग तिने दोन कामट्या उचलल्या, एकीवर दुसरी आडवी ठेवली आणि वर धोतराची पट्टी करकचून आवळली. “हे बघ. अशी जुळलीत. आता वळव.”

गिरमाजींनी कामटी वळवून पाहिली. वळली नाही.

“किती दीस हाईत?”

“पंधरा. मग दगड होईल.”

“मग एक दीस सोताचा हात बांधून बघ. आन् मग न्हाई म्हन.”

गिरमाजी हट्टी, पण वादात प्रामाणिक. त्यांनी यमुनेकडून आपला उजवा हात बांधून घेतला — नेमाप्रमाणे, पालथा. दुपारी जेवायला बसले. घास उचलला, तोंडापाशी नेला, भात मांडीवर. दुसरा घास — मांडीवर. ओंजळ करायला गेले, पाणी जमिनीवर. यमुनेने ताटाखाली फडके अंथरले.

संध्याकाळी हात सोडवला. तो वळला. वैद्यबुवा त्या वळलेल्या हाताकडे बघत म्हणाले, “माझा सुटला.” आणि उठले.

दुसरा दिवस बाजाराचा. भर पेठेत, ठकूबाईच्या दारात उभे राहून मोठ्याने म्हणाले, “मावशी, चूक माझी झाली. पुन्हा मोडायला आलोय.” बाजार थांबला. वांगी तागडीत तशीच राहिली!

मोडले. ठकूबाईने तोंडात पदर धरला होता, त्यामुळे वैद्यबुवांच्या बेचाळीस कुळांना काय काय म्हणाली ते नोंदलेले नाही. या वेळी हात ना उताणा बांधला ना पालथा — अंगठा आभाळाकडे, दोन्ही हाडे समोरासमोर, मध्ये कापसाची वळी. पुढे सहा आठवडे. मग कोमट तेल, आणि रोज थोडे थोडे वळवणे.

गुरवाची बायको वेळेवर मोकळी झाली. त्यानंतर यमुना. सकाळची वेळ, वैद्यबुवा बाहेर ओट्यावर. दार उघडले. ठकूबाई आली — उजव्या तळहातात मुलीचे डोके. गिरमाजींनी विचारले, “मावशी, हात कसा हाय?”

तिने उत्तर दिले. पण ते सांगण्याआधी मी तुम्हांला विचारतो.

तुमच्या घरी काय काय असे जुळले आहे? दोन भावांचे भांडण वडीलधाऱ्यांनी ‘मिटवले’. आता दोघे एका पंगतीला बसतात आणि एकमेकांना वाढत नाहीत. दिसायला रूळ ठेवल्यासारखे सरळ! सून सासूला ‘हो’ म्हणते, तेवढेच म्हणते. पूर्वपक्ष म्हणतो, जुळले ना? मी म्हणतो, वळवून बघा! न वळले तर ज्याने बांधले त्याने जावे, बाजाराच्या दिवशी जावे, आणि चूक माझी म्हणावे. दुखेल. समोरचा शिव्याही देईल, त्या ऐकाव्यात. आणि लवकर जावे, मंडळी, कारण पंधरा दिवस प्रत्येकाला मिळतातच असे नाही!

ठकूबाईने मूल गिरमाजींच्या हातांत दिले आणि म्हणाली, “पैल्यांदा चुकला हुतास, गिरमा. आता बराबर हाय.”