व्हिएन्नाचा पाहुणा

बुडापेस्टच्या त्या सभागृहात मध्यंतर होताच पिरोश्का दाराशी जमा केलेला आपला कोट परत घ्यायला रांगेत उभी राहिली. तिचा भाऊ लोरांत तीस वर्षांनी आपल्या गावात पियानो वाजवत होता. मागच्या दोघी तिला ओळखत नव्हत्या.

“बोटं नुसती पळतात हो. गाडी चुकेल म्हणून पाहुणा भराभर जेवतो ना, तसं.”

“व्हिएन्नात म्हणे डोक्यावर घेतात.”

“तिथे विटले, म्हणून आता आमची आठवण.”

“आणि भाषण ऐकलंत? ‘माझी माती, माझी माणसं.’ आई सहा वर्षं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा कुठे गेली होती ही माती?”

“बहिणीनं काढलं सगळं. तीही वाजवायची म्हणे, याच्याहून बरं.”

“ती बसली आईच्या उशाशी, आणि हा टाळ्या घेत फिरला.”

“तरी एक आहे. दफनाला आला नाही, पण पुष्पचक्र पाठवलं होतं. केवढं मोठं, वर फितीवर सोनेरी अक्षरांत याचं नाव.”

“तेवढी तरी लाज होती म्हणायची.”

पिरोश्कानं कोट अंगात घातला आणि ती त्यांच्याकडे वळली.

“ते पुष्पचक्र मी करवून घेतलं होतं. त्याला अजून माहीतही नाही.”