बाबांच्या पेशी ओ देत नाहीत

हसू नकोस हां, पण आमच्या आईने काळाचौकीच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या लॅबमधली चूक पकडलीय.

मी परळला रक्तापासून मूळ पेशी बनवते आणि त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी वाढवते. त्या एकमेकींना निरोप पाठवतात का, एवढंच बघायचं असतं. रक्त द्यायला आणखी कोणी तयार होईना, म्हणून बाबांनाच घेऊन गेले होते.

काही महिन्यांनी घरी येऊन मिरवलं, "बाबा, तुमच्या पेशी जाम हुशार! एकीने हाक मारली की दुसरी लगेच ओ देते."

बाबा खूश. आई नारळ खोवता खोवता म्हणाली, "लगेच? मग त्या ह्यांच्या नव्हेतच. दुसऱ्या कुणाच्या असतील, नीट बघ."

दुसऱ्या दिवशी गंमत म्हणून नोंदी तपासल्या, तर दोन डिशची लेबलं खरंच उलटसुलट! माझ्याच हातून झालेली. बाबांची डिश शेजारची निघाली. ती पंधरा दिवस ढिम्म होती, म्हणून मी फेकायला काढली होती.

घरी येऊन आईपुढे हातच जोडले. "आता तूच सांग, त्या बोलत का नाहीत?"

आईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"श्रावण चाललाय ना, बाय! ताटात बांगडा नसला की हे माझ्याशी बोलत नाहीत, तुझ्याशी काय बोलणार? गणपती जाऊ देत, मग विचार."