रॉकेलचा आळ

माझं गाव पालीच्या अलीकडं, डोंगराच्या पोटाला. बापूस मुंबईला गोदीत, गणपतीला आणि शिमग्याला तेवढे यायचे, बाकी सगळं घर आवशीच्या अंगावर, आणि आवस एकच सांगायची, बाबू, उपाशी नीज पण कुणाच्या काडीला हात लावू नको. शाळा सातवीत सुटली, हे मात्र नाय सुटलं. मग ट्रकावर क्लीनर झालो, मग ड्रायव्हर, आणि मग रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर शेठकडं लागलो. शेठ म्हणजे मासे धरायच्या ट्रॉलरांचे मालक. नाव नाय घेत मी त्यांचं, तोंड कडू होतं, तुमी नुसतं शेठ लिहा.

तर त्या शेठनं दुबईहून आलेल्या एका माणसाकडनं जुनी जपानी गाडी घेतलीन, डिझेलवरची, मागं इंग्रजीत टर्बो लिहिलेली. काय सांगू तुमाला, पोरं मागनं धावायची. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनाचा धूर बाहेर जाताना एक पंखा फिरवतो आणि तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून ती चढणीला अशी उठायची की निवळीच्या घाटात ट्रकवाले बघत राहायचे. मी तिला पोटच्या पोरीसारखी जपली हो. फडकं मारल्याशिवाय कधी चहा घेतला नाय. आणि त्याच गाडीपायी मला चोर म्हणालेत, भर बंदरात.

झालं कसं, त्या पावसाळ्यात मी भाताच्या लावणीला गावाला गेलो. बंदरावर पावसात खारा वारा सुटतो, लोखंड खातो, म्हणून शेठनं गाडी ट्रॉलरांच्या शेडीत ठेवलीन आणि इब्राहिमचाचांना सांगितलान, हिला पण ट्रॉलरासारखी बंद करून ठेवा. चाचा म्हणजे शेठच्या मोठ्या ट्रॉलरावरचे तांडेल, समुद्रावर त्यांचा शब्द शेवटचा. आता आमच्याकडं पावसात मासेमारी बंद होऊन ट्रॉलर वर ओढला की इंजिनाच्या नळ्यांची तोंडं तेलात भिजवलेल्या गोणपाटाच्या बोळ्यांनी बंद करतात, खारी हवा नको, उंदीर नको. आणि जेवढे बोळे कोंबले तेवढ्या गाठी एका सुतळीला मारून ती सुतळी सुकाणूच्या चाकाला बांधतात. नारळी पुनवेला एकेक बोळा काढायचा, एकेक गाठ सोडायची. गाठ शिल्लक असताना कुणाचा बाप आला तरी इंजिनाला हात लावायचा नाय. चाचांनी गाडीला तसंच केलान. एक बोळा मागं धुराच्या नळीत, एक पुढं हवेच्या नळीत, फिल्टरच्या पण पलीकडं, टर्बोच्या तोंडाशी. फिल्टर परत जागच्या जागी बसवलान, आणि स्टिअरिंगला दोन गाठींची सुतळी.

पुनवेला नारळ वाहिला आणि चाचा ट्रॉलर घेऊन खाली मालवणकडं गेले. शेठकडं आले होते पाहुणे, त्यांना गाडी दाखवायची घाई. मागचा बोळा डोळ्यांसमोर होता, तो ओढून काढलान. सुतळी बघितलीन, हे काय भिकार लटकलंय म्हणून तोडून टाकलीन आणि तिथं झेंडूची माळ घातलीन. ट्रॉलरांवर जन्म गेलेला माणूस, स्वतःच्या होडीची सुतळी असती तर शिवला नसता, पण गाडी म्हणजे मोटार ना, तिला कसली आली सुतळी!

मी गावाहून आलो तेव्हा माळ होती, सुतळी नव्हती. मला काय सपान पडणार? गाडी चालू केली, उभ्या जागी बरी होती, आणि माळनाक्याच्या चढाला लागलो तर मागं काळा लोट. अंगात दम नाय तिच्या, म्हैस चिखलातनं चालावी तशी चालत्येय. मागचा रिक्षावाला आयमाय काढत पुढं गेला.

नेली मिस्त्रीकडं. मिस्त्री म्हणाला डिझेल फवारणारे नोझल गेले. काढलेन, साफ केलेन, बसवलेन, धूर तसाच. मग म्हणाला पंप. पंप कोल्हापूरला जाऊन आला, धूर तसाच. मी म्हणत होतो, मिस्त्री, काळा धूर म्हणजे डिझेल पोटात जातंय आणि जळायला हवा पुरत नाय, चुलीत लाकडं कोंबून फुंकर नाय मारली तर काय होतं ते कुठलीही बाई सांगेल, तिची हवा बघा. त्यानं फिल्टरचं झाकण उघडलान, फिल्टर कोरा. बघ म्हणाला, डोळे फुटलेत तुझे? फिल्टर कोरा म्हणजे हवा ठीक, एवढ्यावर विषय मिटवलान. फिल्टरच्या पुढची नळी उघडू म्हटलं तर माझ्या हातातला पाना काढून घेतलान, ड्रायव्हर आहेस, ड्रायव्हरासारखा बस म्हणाला.

आणि मग स्वतःची लाज झाकायला शेठला काय सांगितलान? म्हणे डिझेलात रॉकेल आहे. तुमचा ड्रायव्हर डिझेल विकतो आणि टाकीत रॉकेल भरतो. अरे, टाकी उघडून वास तरी घ्यायचा! नाय घेतलान कुणी. शेठनं मला बंदरावर बोलावलान, लिलावाची वेळ, कोळणी, खलाशी, व्यापारी, सगळा बाजार भरलेला, आणि त्या सगळ्यांदेखत, चावी टाक चोरा. मी चावी ठेवली आणि घरी आलो. पोरगी शाळेतनं आली, दप्तर पण नाय उतरवलान, आणि विचारलान, बाबा, तुमी रॉकेल चोरलात? आठ-नऊ वर्षांचं पोर ते. आजसुद्धा आठवलं की माझं डोकं फिरतं.

नोकरी मिळेना. बंदरावर गेलो की माणसं हसून विचारायची, काय, डिझेल कसं दिलंस? मग एक दिवस चाचा परत आले, मी घरी बसलोय ऐकून दारात आले, म्हणाले काय झालं. सांगितलं सगळं. म्हाताऱ्यानं माझा हात धरलान. म्हणाला, बाबू, दुसरा बोळा काढलात ना? म्हटलं कुठला बोळा? सुतळीला गाठी होत्या ना, म्हणाला. म्हटलं चाचा, सुतळी कसली, तिथं तर माळ होती.

तसेच उठलो दोघं, मिस्त्रीकडं गेलो. शेठ तिथंच होता, गाडी विकायच्या गोष्टी चाललेल्या. मी कुणाला विचारलं नाय. पाना उचलला, रबरी नळी सोडवली, हात घातला. वाकणात चेपून बसलेला, तेलकट, काळा बोळा, कडेनं उभ्या गाडीपुरती हवा जाईल एवढीच फट. ओढून काढला आणि शेठच्या पायाशी टाकला. नळी बसवली, गाडी चालू केली, चढाला नेली आणि आणली. धूर नाय. मिस्त्री विडी पेटवायला बाहेर गेला. चाचांनी शेठला सरळ विचारलान, सुतळी कुणी तोडलीन? शेठ हसला. हसला हो! हात्तिच्या, एवढंच होतं होय, म्हणाला, आणि चावी माझ्यापुढं धरलीन, उद्यापासून ये.

मी म्हटलं शेठ, चोर म्हणालात ते बंदरावर, लिलावाच्या वेळी. तिथंच, त्याच वेळी, हा चोर नाय एवढं म्हणा, लगेच चावी घेतो. तर म्हणाला, आता ड्रायव्हरची माफी मागायची काय मी? मी चालता झालो.

आता रिक्षा आहे माझी. पोरगी मोठी झाली, दहावीला आहे. शेठ थकला, गाडी कधीच विकलीन. परवा स्टँडवर माझ्याच रिक्षात येऊन बसला, मला ओळखलान आणि तोंड रस्त्याकडं फिरवलान. माळनाक्याच्या चढाला पुढं एक ट्रक काळा धूर ओकत होता. तर शेठ नाकाला रुमाल लावून काय म्हणाला ऐका. रॉकेल भरतात हरामखोर, ड्रायव्हरची जातच चोर.

मी रिक्षा कडेला घेतली. म्हटलं शेठ, उतरा. म्हणाला, अरे, इथं उन्हात? म्हटलं हो, इथंच उन्हात. उतरला, काठी टेकत उभा राहिला, मी मागं बघितलं नाय.

बायको म्हणते, म्हातारं माणूस आहे, सोडा आता, देव बघून घेईल. मी पण देवाला रोज हात जोडतो हो, त्यांच्यासाठीच जोडतो. म्हणतो देवा, शेठला उदंड आयुष्य दे, हातीपायी धड ठेव, वाचा शाबूत ठेव. बंदरावर उभं राहून, हा चोर नाय, एवढं म्हणेपर्यंत त्याला मरण देऊ नको.